मेजरचं दुखणं

सास्तूरच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. सध्याच्या चिटणीस बाईंनी माझ्याकडे दोन पानं मागितली. वाचनालय कसं उभं राहिलं, सुरुवातीचे दिवस, काही गमतीजमती. संदर्भाला म्हणून त्यांनी जुन्या ठराववहीच्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले. त्यातलं एक पान माझ्या अक्षरातलं आहे.

'ग्रंथपाल श्री. दादाराव सोनकांबळे यांनी वाचनालयाची पुस्तके पेन्सिलीने लिहून विद्रूप केल्याचे आढळल्यावरून त्यांना सेवामुक्त करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.'

मी मोबाइल उपडा ठेवला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन पाहिलं. अक्षर माझंच होतं. वळणदार, ठसठशीत. शाळेत मुलांना मी हेच अक्षर गिरवायला देत असे.

हा ठराव खोटा आहे. तो खोटा आहे हे तो लिहिताना मला माहीत होतं. आता माझं वय एकोणऐंशी आहे आणि दादाराव राहिला नाही. तेव्हा बाईंनी मागितलेल्या गमतीजमती बाजूला ठेवून मी दादारावाबद्दल लिहितो आहे. छापायचं की नाही ते समितीनं ठरवावं.

दादारावाला बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी, गाव नव्या जागी वसत असताना, पत्र्याच्या एका खोलीत वाचनालय सुरू झालं. तिथं एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि ग्रंथपालासाठी हातांची एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर नेहमी पुस्तकंच असायची. दादाराव उभा. कपाटाची उंची त्याच्या छातीइतकी होती, त्याच्यावर पुस्तक ठेवून तो उभ्यानंच वाचायचा. पान संपलं की एक फेरी दारापर्यंत, मग पुढचं पान. उन्हाळ्यात पत्रा तापायचा. वाचक घाम पुसत बाहेर लिंबाखाली जायचे, हा आत येरझाऱ्या घालत वाचायचा. उजव्या कानावर शिसपेन्सिलीचा तुकडा. तो ब्लेडनं इतका बारीक तासलेला असायचा की लिहिताना मोडेल असं वाटावं, पण मोडायचा नाही. डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. भूकंपात आईला बाहेर काढताना त्या हातावर दगड आला होता. आई वाचली नाही. हे मला त्यानं कधी सांगितलं नाही, गावानं सांगितलं.

कुणी नवा माणूस दारात आला की दादाराव त्याला नाव विचारायच्या आधी विचारायचा, "घरी कोण कोण हाय?"

माणूस चक्रावायचा. पुस्तक न्यायला आलो आणि हा सोयरीक जमवल्यासारखं काय विचारतो? पण दादाराव पेन्सिल हातात घेऊन वाट बघत उभा राहायचा. मग माणूस सांगायचा. बायको, दोन मुली, म्हातारे वडील. दादाराव ते वर्गणीच्या कार्डामागं लिहायचा आणि म्हणायचा, "हां, मग म्हाताऱ्यासाठी बी एक घेऊन जा." त्याच्या लेखी पुस्तक एका माणसाला दिलं जात नसे, घराला दिलं जाई. शेतात गेलेल्यांसाठी तो सायकलला पिशवी लावून बांधावर पुस्तकं पोचवायचा. गव्हाच्या पिठाची खळ करून फाटकी पानं चिकटवायचा, आणि पुस्तकातल्या माणसांबद्दल ती खालच्या गल्लीत राहत असावीत असं बोलायचा.

ही 'घरी कोण'ची सवय त्याला भूकंपापासून लागली होती. त्या दिवसांत मृतांच्या याद्या करायचं काम चाललं होतं. दादारावाचं अक्षर चांगलं, म्हणून एक नोंदवही त्याच्याकडे आली. एका पडक्या घरात एक बाई सापडली. तिला कुणी ओळखेना. बरोबरचे लोक म्हणाले, 'अनोळखी स्त्री' लिहा आणि पुढं चला. दादारावानं लिहिलं नाही. ती ओळ कोरी ठेवून तो तीन दिवस तंबूतंबूतून विचारत फिरला. शेवटी कळलं की ती लांबच्या गावची कासारीण होती, बांगड्या भरायला आली होती आणि उशीर झाला म्हणून राहिली होती. नाव मिळालं, घरी नवरा आणि तीन लेकरं आहेत हे कळलं, तेव्हा त्यानं ती ओळ भरली. लिंगाप्पा अण्णा, गावातले किराणा दुकानदार आणि माझे मित्र, हे सांगताना म्हणायचे, "पागल हाय हो. तीन दिस जेवला बी न्हाय धड."

आता मेजरबद्दल सांगितलं पाहिजे.

मी सास्तूरच्या शाळेत शिक्षक होतो, लोहाऱ्याहून जीपनं जाऊन-येऊन करायचो. आणि टोपणनावानं हेरकथा लिहायचो. माझा नायक मेजर निरंजन. दर दोन-तीन महिन्यांनी एक पुस्तक. गुळगुळीत कव्हर, त्यावर पिस्तूल आणि एक घाबरलेली बाई. एसटी स्टँडवर विकली जायची, प्रवास संपेपर्यंत वाचून व्हायची. टोपणनावामागं मी आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं आणि मला ते आवडायचं. तहसील कचेरीत कामासाठी गेलो तर कारकून खुर्ची पुढं करायचा, "या गुरुजी, मेजर सध्या कुठल्या देशात?"

वाचनालयाचा मी चिटणीस होतो, त्यामुळे माझी सगळी पुस्तकं तिथं होती. एका दुपारी शाळा सुटल्यावर गेलो, तर दादाराव कपाटापाशी माझंच पुस्तक वाचत उभा होता. लिंगाप्पा अण्णा टेबलाशी पेपर वाचत होते. मी उगाच घसा खाकरला.

दादारावानं वर पाहिलं. "गुरुजी, एक विचारू का? राग न्हाय न येणार?"

"विचारा की."

"ह्यो तुमचा मेजर आजारी हाय का?"

अण्णांनी पेपर खाली घेतला. मी हसलो. "आजारी? आत्ताच तर त्यानं चालत्या मालगाडीवरून उडी मारली."

"अंगानं न्हाय हो." त्यानं पुस्तकाचं शेवटचं कोरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'म्हातारा पहारेकरी. नाव दिलेले नाही. घरी कोण, दिलेले नाही. नंतर मेजरने काय केले: सिगारेट पेटवली.'

खाली जीपचा ड्रायव्हर होता. नाव नाही, घरचं नाही. नंतर मेजरनं काय केलं: घड्याळ पाहिलं. त्याखाली शालिनी, जिनं मेजरसाठी गोळी झेलली होती. तिचं नाव होतं. घरी कोण, दिलेलं नाही. नंतर मेजरनं काय केलं: 'गॉगल लावला.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"यादी हाय. मेलेल्यांची." दादारावानं अगदी साधेपणानं सांगितलं. "तुमची समदी वाचली. सगळ्यांच्या मागं केली. आता ही शालिनी बघा. ह्या पुस्तकाच्या शेवटाला मेली. फुडच्या पुस्तकात पयल्याच पानावर मेजर दुसरीला गुलाब देतो. मधी तिचा दहावा तरी झाला व्हता का, गुरुजी?"

अण्णा खो खो हसले. मीही हसलो, पण कान तापले.

मग दादारावानं आपली वही काढली. भूकंपानंतर शहरातून मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, पत्र्याच्या शेडमधून लोकांशी बोलत फिरायच्या. ज्या म्हाताऱ्या बायकांना कानडीच यायचं, त्यांचं बोलणं दादाराव डॉक्टरीणबाईंना मराठीत सांगायचा. त्या बाईंना यानं भंडावून सोडलं असणार. एकदा त्यांनी त्याला सांगितलं होतं की काही माणसांना दुसऱ्याचं दुखणं आत पोचतच नाही. ती बोलायला गोड असतात, खोटं सहज बोलतात, भीत नाहीत. कुणाशी फार काळ बांधली जात नाहीत. आणि आपलं चुकलं असं त्यांना कधी वाटत नाही. दादारावानं हे सगळं एकाखाली एक लिहून घेतलं होतं आणि प्रत्येक ओळीपुढं 'मेजर' लिहून बरोबरची खूण केली होती.

"बाई म्हनल्या व्हत्या, असं कुणाला बी उठून चिकटवायचं नसतं," तो म्हणाला. "लई दिस माणूस बघावा लागतो. म्हणून तर म्या समदी पुस्तकं वाचली."

"अरे येड्या," अण्णा म्हणाले, "शिपाई हाय तो. देशासाठी करतोय. पहारेकऱ्यापाशी रडत बसला तर मिशन कोण करणार? तुझा बाप?"

"देशासाठी मारलं तर वाईट वाटायला बंदी हाय का अण्णा?"

"वाईट वाटून घेतलं की हात थरथरतो."

"माझा चुलतभाऊ फौजेत व्हता." दादाराव दारापर्यंत गेला आणि परत आला. "सुट्टीवर आला की उंबऱ्यावर बसून ऱ्हायचा. जेवायला हाक मारली की येतो म्हणायचा. यायचा न्हाय. ताट वाळून जायचं. त्यानं कुणाला मारलं का न्हाय, आमी कधी विचारलं न्हाय. पर जेवण जात नव्हतं त्याला. मला वाटतं, तीच खूण. ज्याला जेवण जात न्हाय, त्याचं आत काय तरी शाबूत हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी अजिजीनं म्हणाला, "गुरुजी, फार न्हाय मागत. एका पुस्तकात, एकदा, मेजरचं जेवण ऱ्हाऊ द्या. एकच ताट. मग म्या म्हणेन, बरा हाय."

"बघू," मी म्हणालो.

वाचणाऱ्याला वाटेल, इथंच मी त्याच्यावर डूख धरला. तसं नाही. मी खरोखर लिहिलं. पुढच्या पुस्तकात एक प्रकरण घातलं. मेजर एका धर्मशाळेत बसला आहे, समोर ताट आहे, आणि त्याला आदल्या दिवशी मारलेल्या माणसाच्या पायातली एकच चप्पल आठवते आहे. मी इतक्या वर्षांत लिहिलेलं तेवढंच प्रकरण मला माझं वाटलं. प्रकाशकाचं पत्र आलं. त्यांनी ते प्रकरण काढून टाकलं होतं. 'आपला वाचक मेजरकडे दमदारपणा मागतो, अपचन नव्हे,' असं लिहिलं होतं.

हे मी दादारावाला सांगू शकलो असतो. दोघं मिळून हसलो असतो. पण मला लाज वाटली. मी तालुक्याचा लेखक, आणि माझंच प्रकरण मला ठेवता आलं नाही. पुस्तक आलं तेव्हा दादारावानं ते दोन दिवसांत वाचलं आणि कपाटात परत ठेवलं. मागच्या पानावर यादी मात्र होती. सात माणसं. सातव्याखाली त्यानं लिहिलं होतं, 'मेजर जेवला.'

त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते आता या वयातही नीट सांगता येत नाही. पाणी प्यायला उठलो होतो, न पिताच परत येऊन बसलो आहे.

पुढचं पुस्तक मी बारा दिवसांत लिहिलं. त्यात शत्रूचा एक हस्तक होता. सीमेजवळच्या गावातला ग्रंथपाल. कानावर पेन्सिल. डाव्या हाताची दोन बोटं ताठ. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, 'घरी कोण कोण?' आणि मिळालेली माहिती पुस्तकांच्या शेवटच्या पानावर सांकेतिक भाषेत लिहून पलीकडे पाठवायचा. त्याला मी नाव दिलं नाही, सगळे त्याला 'ग्रंथपाल' म्हणतात. शेवटी मेजर त्याला धरणाच्या भिंतीवरून खाली टाकतो आणि बाही झटकतो.

प्रकाशकानं कळवलं, झकास.

पुस्तक वाचनालयात आलं. दादारावानं नेहमीप्रमाणे त्याला कागदी कव्हर घातलं, शिक्का मारला, कपाटावर ठेवून उभ्यानं वाचलं. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. त्याचा चेहरा बघायचा होता. त्यानं पुस्तक मिटलं, पेन्सिल कानावरून काढली, शेवटचं पान उघडलं आणि काहीच न लिहिता पेन्सिल परत कानावर ठेवली.

"चांगलं झालंय गुरुजी," तो म्हणाला. "धरण तर अगदी डोळ्याफुडं उभं ऱ्हातंय."

गावानं आधी गंमत केली. "काय हेरसाहेब, आज कुणाची माहिती पाठवली?" पारावरून कुणीतरी ओरडायचं आणि दादाराव सायकलवरून हात हलवायचा. पण त्या वर्षी टीव्हीवर रोज सीमेवरच्या बातम्या होत्या, आणि गंमत हळूहळू आंबली. 'घरी कोण कोण हाय' म्हटलं की बायका पदर सारखा करून निघून जायला लागल्या. एकानं विचारलं, खरंच हा प्रत्येक पुस्तकामागं काय लिहितो? दुसऱ्यानं कपाटातली पुस्तकं काढून पाहिली. शेवटची पानं भरलेली. नावं, 'घरी कोण', बारीक खुणा. कुणी पूर्ण वाचलं नाही. वाचलं असतं तर कळलं असतं की ती माझ्याच पुस्तकांत मेलेल्या माणसांची यादी आहे. लेखी तक्रार आली.

समितीत आम्ही सात जण होतो. दादारावाच्या गल्लीतलं, बौद्ध वस्तीतलं, त्यात कुणी नव्हतं. हेही नोंदवून ठेवतो, कारण ते कुठल्याच ठरावात नाही. दादाराव हेर आहे असं सातांपैकी एकालाही वाटत नव्हतं. पण अध्यक्ष म्हणाले, "लोकांच्या मनात आलंय म्हटल्यावर काहीतरी करावं लागंल. गुरुजी, ठरावाला तुम्हीच शब्द शोधा." मी शब्द शोधला. विद्रूप.

दादारावाला बोलावलं. त्याला बसायला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला. अध्यक्षांनी विचारलं, "हे पुस्तकांवर लिहिलंय ते तुम्हीच ना?"

"व्हय."

"का लिहिलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजींना ठावं हाय. गुरुजी, तुमीच सांगा की."

एवढं सोपं होतं. हा माणूस हेर नाही, तो मेलेल्यांची यादी करतो; त्या पुस्तकातला ग्रंथपाल मी रागानं रचला आहे; याला जाऊ द्या. तीन वाक्यं. मी वहीत तारीख घातली. तारखेखाली रेघ ओढली. मान खाली घालून म्हणालो, "नियमाप्रमाणे ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिता येत नाही."

दादारावानं खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाला, "बरोबर हाय. न्हाय येत."

पदभार देण्याआधी सगळी पानं खोडून साफ करावीत असंही ठरलं. शाळेच्या साठ्यातून खोडरबरांचा डबा मीच नेऊन दिला. आठ दिवस तो खोडत होता. उभ्यानं, कपाटावर पुस्तक ठेवून, एकेक ओळ. खोडण्याआधी प्रत्येक नाव एकदा वाचायचा, ओठ हलायचे. रबराचा काळा भुगा कागदावर गोळा करायचा. अण्णा एकदा येऊन बराच वेळ दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "गुरुजी, हे काय बरं दिसत न्हाय." मी म्हणालो, "ठराव आहे, अण्णा." किल्ल्या देताना दादारावानं मला एक पान उजेडाकडे तिरपं धरून दाखवलं. "खोडलं तरी पेन्सिलीचा दाब ऱ्हातो बघा. चालंल न ठरावाला?"

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. वर जे झालं ते अण्णांनाही थोडंफार माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नाही.

त्या बैठकीनंतर मी जीपनं लोहाऱ्याला घरी आलो. बायकोनं धपाटी केली होती. बरोबर दही आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन खाल्ली. चौथं मागून घेतलं. तिनं विचारलं, "काय झालं मीटिंगमधी?" मी म्हणालो, "काही विशेष नाही." पोट भरल्यावर हात धुतले, बाही खाली घेतली आणि बाही झटकली. तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही. दिसलं ते फार वर्षांनी, असंच एकदा हात धुताना. मी तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंची ती यादी मी नंतर अनेकदा स्वतःला लावून पाहिली आहे. गोड बोलणं: आहे. सहज खोटं: आहे, तीस-पस्तीस पुस्तकं आणि एक ठराव. चुकलं असं न वाटणं: कितीतरी वर्षं वाटलं नव्हतं. हेरकथा लिहिणं मी पश्चात्तापानं सोडलं असंही कुणी समजू नये. प्रकाशकानं धंदा बंद केला म्हणून ते सुटलं. घरोघरी केबल आली होती, स्टँडवर पुस्तक कोण घेणार?

दादाराव गाव सोडून येरमाळ्याकडे सासुरवाडीला गेला. मी त्याला पत्र लिहिलं नाही. मग काही वर्षांपूर्वी, माझे गुडघे अजून चालते होते तेव्हा, नातीच्या लग्नाची पत्रिका येडेश्वरीच्या पायावर ठेवायला मी येरमाळ्याला गेलो. परतीच्या बसची वाट बघत होतो. हायवेवरून ट्रक चालले होते, भेळेच्या गाड्यावर गर्दी होती. समोर जीपवाले सवाऱ्यांना हाका मारत होते. आणि त्या सगळ्या गोंधळात एक माणूस स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. केस पूर्ण पांढरे. उजव्या कानावर पेन्सिल.

मी तोंड फिरवलं. खरं तेच लिहितो आहे. मी पेपर तोंडापुढं धरला. तो येऊन पेपरासमोर उभा राहिला.

"गुरुजी? घरी कोण कोण हाय आता?"

मला सांगावं लागलं. बायको गेली. मुलगा पुण्याला असतो. एक नात आहे, तिचं लग्न ठरलंय. तो प्रत्येकाला मान हलवत होता, जणू लिहून घेत होता. त्याचं त्यानं सांगितलं. लेक, जावई, तीन नातवंडं. धाकटी नात वाचते, तिला पुस्तकं आणायला तो आठवड्याला धाराशिवला जातो.

"आणि मेजर?" त्यानं विचारलं. "बरा हाय का?"

"बंद झाला तो कधीच."

"सुटला म्हणायचा." तो आवाज न करता हसला. मग तो गंभीर झाला. "म्या उगंच त्याला नावं ठेवली, गुरुजी. लई दिवस इचार केला. मेजर आजारी नव्हता. त्याला कुणी थांबू दिलं न्हाय. एक मेला की लगीच फुडचं पान. माणसाला वाईट वाटायला बी जरा टाइम लागतो का न्हाय?"

त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून फडकं काढलं. दोन भाकरी, त्यावर चटणी आणि कांदा. लेकीनं बांधून दिलेलं. एक भाकरी मोडून त्यानं माझ्या हातावर ठेवली आणि स्वतः उभ्यानंच खायला लागला.

"एक राहिलं व्हतं विचारायचं," तो घास चावत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. "तो ग्रंथपाल. धरणावरून टाकला तो. त्याच्या मागचं पान म्या कोरंच ठेवलं. त्याच्या घरी कोण व्हतं, गुरुजी?"

"पुस्तकात तसं काही नाही," मी म्हणालो.

"ते ठावं हाय. म्हणून तुमाला विचारलं. लिहिणाऱ्याला माहीत असतं."

मला माहीत होतं. त्याच्या घरी बायको होती, रत्नमाला, जी आठ दिवस खोडत उभ्या असलेल्या नवऱ्यासाठी दुपारी जेवण घेऊन यायची आणि माझ्याकडे न बघता परत जायची. एक लेक होती, माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी. ठरावानंतर महिन्याभरानं तिचं नाव पटावरून कमी झालं, तेही मीच केलं. हे मी त्याला सांगायला हवं होतं. माफी तरी मागायला हवी होती. त्याऐवजी मी घास तोंडात घातला. तो फिरेना. मी चावत राहिलो. घशाखाली उतरेना. शेवटी मी बाजूला वळून तो कागदात टाकला आणि उरलेली भाकरी हातात धरून तसाच बसून राहिलो.

दादाराव खायचा थांबला होता. तो माझ्या हाताकडे बघत होता, मग तोंडाकडे. डॉक्टर नाडी बघताना बघतो तसं, सावकाश.

"जात न्हाय का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"बरं हाय मग," दादाराव म्हणाला.

त्यानं माझ्या हातातली भाकरी घेतली, फडक्यात बांधली आणि फडकं पिशवीत ठेवलं. धाराशिवच्या जीपवाल्यानं हाक मारली. दादाराव गेला. आत जागा होती, एका बाईनं सरकून त्याला हातानं खुणावलं. तो बसला नाही. मागच्या फळीवर उभा राहून त्यानं ताठ बोटांच्या हातानं वरची दांडी धरली, दुसऱ्या हातानं कानावरची पेन्सिल नीट केली, आणि जीप हायवेला लागली.